‘बॉम्बे’ लिहिलेला खोका

या ग्रुपवर मी गेली कित्येक वर्षं नुसती वाचायला येते. डबा खाता खाता एखादा अनुभव वाचायचा, शेवटी ‘काहीही’ म्हणायचं आणि हात धुवायला जायचं, असा माझा शिरस्ता. भूत-बित, करणी, दृष्ट यातलं मी काही मानत नाही. अमावस्येला नखं कापते. सासूबाईंनी पर्समध्ये ठेवलेली अंगाऱ्याची पुडी दोनदा कचऱ्यात गेली माझ्या हातून — चुकून गेली, पण नंतर शोधायलाही गेले नाही. तेव्हा मला इथे काही सिद्ध करायचंय असं समजू नका. डोक्यात बसलंय, निघत नाही, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत.

मी बडोद्याची. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. सासर हरणीला, एअरपोर्टपासून स्कूटरवर जेमतेम पाच-सात मिनिटं. आमचे हे प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत. मी विमानातला माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या एका एजन्सीत सुपरवायझर. ड्यूटीवर सगळे मला ‘बेन’ म्हणतात आणि मीही सगळ्यांशी गुजरातीतच बोलते. मराठी घरी आल्यावर, चपला काढल्यावर. मुद्दाम सांगतेय, कारण पुढे याचाच घोळ आहे.

त्या काळात मी सतत थकलेली असायचे. काम करून माणूस दमतं, तसं नाही. सकाळी उठल्या उठल्याच दमलेली. पाळी आठ-दहा दिवस थांबायची नाही, जिना चढताना मध्येच उभं राहावं लागायचं. गर्भाशयात गाठी निघाल्या होत्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या पिशवी काढून टाकू. मी म्हटलं, मे महिना जाऊ दे, सुट्ट्यांची गर्दी आहे, माणसं कमी आहेत. बाईचं ऑपरेशन म्हणजे सगळ्यांची सोय बघून मग करायची गोष्ट, नाही का...

तर मे महिन्यातलीच दुपार होती. सकाळी मॅनेजरांचा फोन आला की दिल्लीच्या फ्लाइटने रक्ताच्या पिशव्यांचा खोका येतोय, पेशंट सीरियस आहे, priority आहे. असं काही येतं तेव्हा आमच्याकडे सगळी यंत्रणा हलते. पायलट वरूनच कळवतो, मग टॉवर त्या विमानाला आधी उतरवतं, दुसरं कुणी आलं असेल तर ते आणंदच्या बाजूला गोल घिरट्या घालत बसतं. गेटवर ॲम्ब्युलन्स तयार, पुढे रस्त्यावर पोलीस. आमचा भाग छोटा. असा खोका विमानात सगळ्यात शेवटी चढवतात, दाराच्या अगदी जवळ, म्हणजे इथे तो सगळ्यात आधी उतरतो. पट्ट्यावर टाकायचा नाही, ट्रॉलीत ठेवायचा नाही. एका माणसाने हातात घ्यायचा आणि पळायचं.

पळायला मी अर्जुनला सांगितलं होतं. दाहोदकडचा, चाळिशीचा माणूस, आमच्याकडे नवीनच लागलेला, पण पाय चपळ. त्याला म्हटलं होतं, “खोखुं हाथमां आवे एटले दोडवानुं. कोईने पूछवा ऊभो ना रहेतो.” खोका हातात आला की पळायचं, कुणाला विचारायला थांबू नकोस, हे माझेच शब्द.

कार्गोच्या गेटवर पेशंटचा नवरा उभा होता. नितीन म्हणू या. तिशीतला, रिफायनरीच्या बाजूला कुठल्याशा प्लांटमध्ये नोकरीला. फोनवर “आई, तू जेवून घे गं” म्हणत होता, त्यावरून कळलं आपल्यातला आहे.

“बसा ना,” मी म्हटलं.

“बसवत नाही ताई.” मग त्यानेच सांगायला सुरुवात केली. बायको केतकी, पहिलंच बाळंतपण. पहाटे मुलगी झाली, मुलगी छान आहे, पण केतकीचं रक्त थांबेना. रक्तगट ओ म्हणून ब्लड बँकेतून ओच्या पिशव्या काढल्या, तर एकही जुळेना. मग कळलं की तिचा गट ओ नाहीच. बॉम्बे ब्लड.

मलाही तेव्हा हे नीट माहीत नव्हतं, म्हणून सांगते. बॉम्बे ब्लड म्हणजे मुंबईचं रक्त नव्हे. तो एक फार क्वचित सापडणारा रक्तगट आहे, पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून नाव तसं पडलं. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो, पण अशा माणसाला ओचं रक्त चालत नाही, उलट जीवावर बेतू शकतं. त्याला त्याच गटाच्या माणसाचं रक्त लागतं. अशी माणसं शोधायची म्हणजे... दिल्लीत दोन सापडली, त्यांनी सकाळीच रक्त दिलं, हेच खूप.

“डॉक्टर म्हणाले, ते आल्याशिवाय ऑपरेशनला हात लावता येणार नाही,” नितीन म्हणाला. “किती वेळ काढेल ती, तेही सांगत नाहीत.”

मी म्हटलं, “येतंय. विमान उतरलं की दोन मिनिटांत तुमच्या हातात देते.”

विमान उतरलं. बाजूच्याच जागेवर मुंबईची फ्लाइट निघायच्या तयारीत उभी होती, तिचंही माल चढवणं संपत आलं होतं. दिल्लीच्या विमानाचं मालाचं दार उघडलं, पांढरा थर्मोकोलचा खोका अर्जुनच्या हातात आला, हे मी लांबून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो पळाला तेही पाहिलं. आणि तिथेच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

त्या उन्हात उभं राहून असं आधीही दोन-तीनदा झालं होतं, त्यामुळे घाबरले नाही. आमच्या शेडमधल्या ऑफिसात गेले, खुर्चीवर टेकले, डोळे मिटले. माझा वॉकीटॉकी — आम्ही सेट म्हणतो — तो सकाळपासूनच धड चालत नव्हता, म्हणून बॅटरी काढून चार्जरला लावली होती. सेट एका टेबलावर, बॅटरी दुसऱ्यावर. दोन्ही माझ्यापासून लांब. मी झोपले नव्हते. पंख्याचा आवाज येत होता, गेटवर ॲम्ब्युलन्सवाला कुणाशी तरी वाद घालत होता, तो ऐकू येत होता. पण सगळं फार लांबून आल्यासारखं. किती वेळ बसले असेन, सांगता येत नाही. फार नाही.

“ताई, आलं ना?” नितीन दारात उभा होता.

“आलं. मी पाहिलं ना.”

“मग कुठंय?”

मी उठले. अर्जुन शेडमध्ये नव्हता. खोका नव्हता. बाहेर आले तर दिल्लीच्या विमानातून बॅगा उतरत होत्या, त्या माणसांना विचारलं, ते म्हणाले खोका तर केव्हाच गेला. नितीन माझ्या मागोमाग आला होता.

तेवढ्यात बाजूला काहीतरी विचित्र दिसलं. मुंबईची फ्लाइट जागेवरून मागे सरकली होती आणि अर्ध्यात थांबली होती. विमानाला मागे ढकलायला एक ठेंगणा, वजनदार टग असतो. तो दिनेशभाई चालवतो. माझ्यापेक्षा वयाने मोठा, निवृत्तीला आलेला, तोंडात कायम मावा. तो टगवरून खाली उतरून हात हलवत होता. कॅप्टन वरून काहीतरी विचारत असणार, कारण विमानाखाली हेडफोन लावून चालणारा माणूस पुन्हा पुन्हा खांदे उडवत होता. मग विमान सावकाश पुन्हा जागेवर आलं. हे असं होत नाही. एकदा मागे निघालेलं विमान परत आणायचं म्हणजे चौकशा, स्पष्टीकरणं, प्रवाशांची आरडाओरड... कुणी हौसेने करत नाही.

अर्जुन कुठूनसा धावत आला. विमान परत येताना बघून त्याला वाटलं त्याच्याकडूनच काहीतरी राहिलं. मला म्हणाला, “बेन, बॉम्बेनुं खोखुं तो में मूकी दीधुं छे. दरवाजा पासे ज.”

बॉम्बेचा खोका तर मी ठेवलाय. दाराजवळच.

दिल्लीत कुणीतरी भल्या माणसाने, कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून, खोक्याच्या चारी बाजूंना जाड मार्करने मोठ्ठं लिहिलं होतं: BOMBAY BLOOD, URGENT. बडोद्याचा कोड लेबलवर होता, पण बारीक. आमच्याकडे अर्धी माणसं अजून मुंबईला बॉम्बेच म्हणतात. अर्जुनने खोका हातात घेतला, बॉम्बे वाचलं, समोर बॉम्बेचं विमान सुटायला आलेलं. कुणाला विचारू नको, पळ, असं बेनने सांगितलेलं. तो पळाला. आणि शिस्तीत दाराजवळ ठेवला, म्हणजे तिकडे आधी उतरेल. त्याला मी काय बोलणार होते?

दार उघडलं, खोका काढला. मी स्वतः हातात घेतला आणि गेटपर्यंत पळाले. मला पळता येत नव्हतं त्या दिवसांत, तरी पळाले. नितीनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, खोका मांडीवर घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये बसला. सायरन अमितनगरच्या दिशेने गेला तो ऐकत मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसले आणि रडले. चूक झाली म्हणून नाही. ती केतकीच जणू मुंबईला निघून चालली होती, असं काहीतरी वाटलं.

रात्री त्याचा मेसेज आला. ‘ऑपरेशन झालं. ब्लीडिंग थांबलं. ताई, थँक यू.’ मी ह्यांना वाचून दाखवला आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी दिनेशभाईला चहा पाजायला नेलं. म्हटलं, उपकारच केलेत, पण तुम्हाला कळलं कसं?

तो म्हणाला, “तमे ज तो कह्युं, बेन.”

“मी?”

“सेट पर. तमे ज बोल्यां.” मग मावा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाला, “अने मराठीमां बोल्यां. मने थयुं, आजे बेनने शुं थयुं, मारी साथे मराठी केम बोले छे.”

आज बेनना काय झालं, माझ्याशी मराठीत का बोलतायत, असं वाटलं म्हणे त्याला. त्याला मराठी कळतं. जन्म बाबाजीपुऱ्यातला, शेजारी सगळे मराठी. काय ऐकलं ते मी त्याला तीन-चारदा विचारलं आणि दरवेळी त्याने मराठीतले तेच शब्द सांगितले — “दिनेशभाई, थांबवा. पुढे नेऊ नका. आत माझं रक्त आहे.”

मी म्हटलं, अहो माझ्या सेटची बॅटरीच काढलेली होती. खोका त्या विमानात आहे हे मला माहीतच नव्हतं, मी शेडमध्ये डोळे मिटून बसले होते. तो हसला. त्याला वाटलं मी नियमांना घाबरून हात झटकतेय. मॅनेजरांनाही तसंच वाटलं. सगळ्यांना लेखी विचारलं होतं, विमान थांबवायची सूचना कुणी दिली. मी लिहिलं, मी नाही. तर मॅनेजर म्हणतात, “अहो बेन, चांगलं काम झालंय, घ्या की नावावर. दर वेळी तर मला कुणाची तरी चूक शोधावी लागते.” आमच्या सेटवरचं बोलणं रेकॉर्ड होत नाही. बाकी कुणी ऐकलं का विचारलं, तर एकजण म्हणाला खरखर झाली होती, शब्द कळले नाहीत. आमच्या शिफ्टला दुसरी बाई नाही.

ह्यांचं म्हणणं, तू झोपेत बडबडली असशील. बरं, बडबडले. पण बंद सेटवर ती बडबड गेली कशी? आणि मराठीत का? आणि सगळ्यात जास्त मला जे खात होतं ते हे, की ‘माझं’ का? ‘पेशंटचं रक्त’ म्हणावं, ‘बडोद्याचा खोका’ म्हणावं. घरी पोळ्या लाटताना मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघायचे. आत माझं रक्त आहे. मला वाटलं, केतकी असेल. बेशुद्धीत माणूस कुठे कुठे जात असेल, कोण जाणे. असलं काही मी मानत नाही हे वर लिहिलंच आहे, पण तेव्हा मला तेवढंच सुचलं.

आठवड्याभराने तिला बघायला गेले. पांढरीफटक, पण बसलेली, मांडीवर मुलगी. नितीनने ओळख करून दिली तशी ती उठायला लागली. मी म्हटलं, राहू दे गं. तिचा आवाज अगदी बारीक, शाळकरी मुलीसारखा. दिनेशभाई तर शपथेवर सांगत होता की आवाज तुमचाच, बेन, रोज ऐकतो, चुकेन का. मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही, मुलीच्या हातावर कपडे ठेवले आणि निघाले.

खाली उतरताना ब्लड बँकेची पाटी दिसली. तिथल्या डॉक्टर मराठीच निघाल्या. मी म्हटलं, माझं ऑपरेशन ठरलंय, ह्यांना ओ पॉझिटिव्हच्या दोन बाटल्यांची सोय करून ठेवायला सांगितलंय, माझा गट एकदा नीट बघता का? वेड्यासारखं वाटत होतं विचारताना. त्या म्हणाल्या, केतकीमुळे घाबरलात का, असं कुणालाही होत नसतं. पण नमुना घेतला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आधी विचारलं, केतकी शिर्के तुमच्या नात्यातली आहे का? म्हटलं नाही. मग म्हणाल्या, “तुम्ही इथे येऊन जाल का? फोनवर नको.”

माझाही गट तोच. बॉम्बे. लायसन्सवर, सोसायटीच्या कार्डावर, दोन्ही मुलांच्या बाळंतपणाच्या कागदांवर — सगळीकडे ओ पॉझिटिव्ह. दोन्ही वेळा रक्ताची गरजच पडली नाही, म्हणून कधी कळलं नाही. मी विचारलं, ऑपरेशनच्या वेळी लक्षात आलं असतं ना? त्या म्हणाल्या, “जुळवून बघताना पकडलं गेलं असतं, बहुधा. पण तुमच्या अंगात रक्त आधीच एवढं कमी, त्यात ऐन टेबलावर काही झालं असतं तर दिल्लीहून मागवेपर्यंत...” मी ‘बहुधा’लाच अडकून बसले होते.

ऑपरेशन पुढे ढकललं. आधी दोन महिने औषधं, इंजेक्शनं देऊन अंगातलं रक्त वाढवलं. मग ब्लड बँकेने त्या गटाची माणसं गाठली, पुण्याचा एक शिक्षक आणि पुन्हा दिल्लीतलाच एकजण. खोका आला, आमच्याच शेडमधून गेला. या वेळी त्यावर बॉम्बे लिहिलेलं नव्हतं, मॅनेजरांनी आधीच सगळीकडे कळवून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या वेळी रक्त बरंच गेलं म्हणे. दोन्ही पिशव्या लागल्या.

आता बरी आहे. जिना चढते. वर्षानुवर्षं जे वयाचं, कामाचं, उन्हाचं म्हणून सोडून देत होते ते दुसरंच काहीतरी होतं, हे आता कळतं. कामावर परत रुजू झाले त्याला बरेच दिवस झाले. तो आवाज कुणाचा, केतकीसाठी होता की माझ्यासाठी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मात्र ‘देवाची कृपा’ लिहू नका, ते सासूबाईंनी सांगून झालंय.

परवा दिनेशभाईचा शेवटचा दिवस होता, तो निवृत्त झाला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, आता तर कसली चौकशी राहिली नाही, खरं सांगा, तो आवाज होता कसा? ओरडत होते का मी? घाबरलेली होते?

त्याने हातातला पेढा संपवला. मग म्हणाला, “ना बेन. थाकेलां हतां. एकदम थाकेलां. जाणे क्यारनां बोलावतां हो ने कोई सांभळतुं ज ना होय.”

थकलेल्या होतात. कधीच्या हाका मारताय आणि कुणी ऐकतच नाहीये, तशा.